साडेबत्तीस इंचांचा वाद आणि वाचकांचे इतर प्रश्न

दर वर्षी एप्रिल महिन्यात अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगचे, म्हणजेच एनएफएलचे, बत्तीस संघ महाविद्यालयीन खेळाडूंमधून सात फेऱ्यांमध्ये आपापली निवड करतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. या वेळच्या टपालात त्याविषयीची पत्रे बरीच होती आणि नवल म्हणजे त्यांतील बहुतेक पत्रे क्वार्टरबॅकविषयी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूविषयी, नव्हती. ज्यांच्याकडे एरवी कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्या ऑफेन्सिव्ह लाइनमनविषयी ती होती. म्हणून हा सबंध स्तंभ त्यांनाच दिला आहे.

प्रश्न : मुलगी ओहायो स्टेट विद्यापीठात शिकते, त्यामुळे शनिवारचे सामने घरात पाहिले जातात. चेंडू कुठे गेला हेच मला अनेकदा उशिरा कळते. मग ज्यांच्या हाती चेंडू येतच नाही, अशा पाच धिप्पाड मुलांपैकी चांगला कोण, हे निवडणारे कसे ठरवत असतील? — एक वाचक, कोलंबस, ओहायो

उत्तर : आपल्याला कळत नाही यात आपला दोष नाही. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो आणि या पाच जणांचे काम बहुतेक वेळा चेंडू क्वार्टरबॅकच्या हातातून सुटण्यापूर्वीच संपलेले असते. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि दोन्ही टोकांना टॅकल अशी ही फळी. धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करणे हे तिचे एक काम आणि फेकणाऱ्याची राखण करणे हे दुसरे. ड्राफ्टमधील भाव ठरतो तो मुख्यतः दुसऱ्या कामावर.

पुढच्या शनिवारी एक करून पाहावे. तिसरे डाऊन, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा, आहे आणि अजून आठ-दहा यार्ड हवे आहेत, म्हणजे चेंडू फेकला जाणार हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, असा क्षण निवडावा आणि क्वार्टरबॅककडे न पाहता त्याच्या डाव्या टोकाच्या खेळाडूवर, म्हणजे लेफ्ट टॅकलवर, नजर खिळवून ठेवावी. चेंडू हलताच तो मागे आणि बाहेर असा तिरका सरकेल. सरकताना त्याचे पाय जमिनीलगत राहतात की उंच उचलले जातात हे पाहावे, कारण पाय हवेत असताना समोरच्याने छातीवर हात लावला की दीडशे किलोचा माणूसही दोन पावले मागे जातो. तो गुडघ्यांतून बसतो की कंबरेतून वाकतो हे त्यानंतर पाहावे. कंबरेतून वाकणाऱ्याचे डोके पुढे जाते, आणि डोके पुढे गेले की प्रतिस्पर्धी त्याला हाताने खाली दाबून बाजूने निसटतो. हात तो केव्हा टाकतो, हेही महत्त्वाचे आहे : घाईने दोन्ही हात टाकणाऱ्याचे हात झटकून टाकणे सोपे असते, तर फार थांबणाऱ्याच्या छातीवर समोरच्याचे हात आधीच पोहोचलेले असतात. हे सगळे अडीच-तीन सेकंदांत आटोपते.

मला स्वतःला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो टॅकल चकल्यानंतरचा अर्धा सेकंद. बाहेरून येण्याची हूल देऊन प्रतिस्पर्धी एकदम आत शिरला, टॅकलची कंबर चुकीच्या बाजूला वळली, आता तो काय करतो? काही जण तिथेच उभे राहून हात पुढे करतात आणि जर्सी पकडल्याबद्दल दहा यार्डांचा दंड ओढवून घेतात. काही जण मात्र पुन्हा पाय जुळवून, कडेने का होईना, त्याला क्वार्टरबॅकच्या मागून पुढे ढकलून देतात. हे सावरणे व्यायामशाळेत मोजता येत नाही आणि महाविद्यालयात पाहायलाही क्वचितच मिळते, कारण चांगल्या लाइनमनसमोर बहुतेक शनिवारी उभा असलेला खेळाडू पुढे व्यावसायिक होणारच नसतो. म्हणून स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे जाणकार, सबंध हंगामातून दोन-तीन सामने वेचून काढतात, ज्यांत समोर खरोखर तोलामोलाचा कोणी होता.

आपण कोलंबसला राहता, म्हणून उदाहरण आपल्याच विद्यापीठाचे देतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये ओहायो स्टेटने नॉर्थवेस्टर्नचा ५२-३ असा धुव्वा उडवला. आपल्या गावात त्या सामन्याची आठवण कोणाला असण्याचे कारण नाही. परंतु नॉर्थवेस्टर्नच्या लेफ्ट टॅकलच्या जागी रशॉन स्लेटर होता आणि त्याच्यासमोर चेस यंग, जो पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. स्लेटरने यंगला ज्या रीतीने रोखून धरले, ती फिल्म त्यानंतर दीड वर्ष पुन्हापुन्हा पाहिली गेली, कारण महामारीमुळे स्लेटर २०२० चा हंगाम खेळलाच नाही आणि संघांकडे पाहण्यासारखे दुसरे फार काही उरले नाही. २०२१ मध्ये चार्जर्स संघाने त्याला तेराव्या क्रमांकावर घेतले आणि पहिल्याच हंगामात त्याची प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातील निवडक उत्तम खेळाडूंत, निवड झाली. ज्या सामन्यात संघ एकोणपन्नास गुणांनी हरला, त्याच सामन्याने एका खेळाडूचे भवितव्य ठरवले.

प्रश्न : आमच्या पॅट्रियट्सने २०२५ साली चौथ्या क्रमांकावर विल कॅम्पबेलला घेतले तेव्हापासून घरात वाद आहे. मुलगा म्हणतो, त्याचे हात आखूड आहेत, तो टॅकल होऊच शकत नाही. एवढ्या आडदांड मुलाच्या हाताच्या अर्ध्या इंचावरून इतका गहजब कशासाठी? — एक वाचक, बोस्टन परिसर

उत्तर : आधी माप कसे घेतात ते सांगतो. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे हाताची लांबी. पंजाचे माप म्हणजे अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत. दोन्ही हात आडवे पसरल्यावरचे अंतर म्हणजे आपली जुनी वाव. आपल्या आजोबांना ज्या मापांनी कापड आणि दोर मोजता येत असे, त्याच मापांवर इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टपूर्वीच्या सामूहिक चाचणीत, लक्षावधी डॉलरचे निर्णय फिरतात, याची मला नेहमी गंमत वाटते.

टॅकलचा हात निदान ३३ इंच असावा, शक्यतो ३४, असा संघांचा जुना दंडक आहे. कॅम्पबेलचा हात कम्बाइनमध्ये ३२ पूर्णांक ५/८ इंच भरला आणि पुढे त्याच्या विद्यापीठातील चाचणीत ३३. महिन्याभरात हात वाढत नाही. खांद्याचे हाड नेमके कोठे सुरू होते याविषयीचे मोजणाऱ्याचे मत तेवढे बदलते. ज्या मापात मोजणाऱ्यागणिक एवढा फरक पडतो, त्याच्या तीन अष्टमांशावर खेळाडूची जागा ठरवणे हे मला पटत नाही.

तरीही आपल्या मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे. मैदानाच्या टोकाला येणारे प्रतिस्पर्धी स्वतः लांब हातांचे असतात. ज्याचा हात समोरच्याच्या छातीवर आधी पोहोचतो तो पुढची हालचाल ठरवतो. आखूड हाताचा टॅकल नेहमीच थोडा उशिरा पोहोचतो आणि ही उणीव त्याला पायांनी भरून काढावी लागते, म्हणजे प्रत्येक वेळी योग्य कोनात आणि योग्य वेळी पोहोचावे लागते. दोन तास ते जमते. शेवटच्या पंधरा मिनिटांत पाय जड झाले की जमेनासे होते. आतल्या जागी, गार्ड किंवा सेंटर म्हणून खेळताना समोरचा एवढा जवळ असतो की लांब हातांचा लाभ पुष्कळसा ओसरतो. म्हणूनच पीटर स्कोरोन्स्की, ज्याचा हात सव्वाबत्तीस इंचांचा होता आणि जो स्लेटरनंतर नॉर्थवेस्टर्नचाच लेफ्ट टॅकल होता, त्याला २०२३ मध्ये अकराव्या क्रमांकावर घेऊन टायटन्सने गार्डच्या जागी उभे केले.

आता दुसरी बाजू. जो थॉमस या विस्कॉन्सिनच्या टॅकलला क्लीव्हलँड ब्राउन्सने २००७ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतले. त्याचा हात साडेबत्तीस इंचांचा असल्याचे सांगितले जाते. हा गृहस्थ एकाही खेळीला बाहेर न बसता सलग १०,३६३ खेळी खेळला आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानसूचीत, गेला. पेनेई स्यूएल या दुसऱ्या नावाजलेल्या टॅकलचा हात सव्वातेहतीस, स्लेटरचा ३३. दंडक काटेकोरपणे लावला असता तर यांतले काही जण चाळणीतून खाली पडले असते. माझ्या मते हाताची लांबी हे दार बंद करण्याचे कारण नसून फिल्मकडे पुन्हा एकदा, अधिक संशयाने पाहण्याचे कारण आहे. आखूड हाताच्या मुलाची फिल्म पाहताना एवढेच विचारावे की लांब हातांच्या प्रतिस्पर्ध्याने त्याच्या छातीवर आधी हात ठेवला, अशा खेळी किती होत्या आणि त्यांतल्या कितींत तो मागे गेला. कॅम्पबेल लुइझियाना स्टेटसाठी पहिल्या वर्षापासून तीन हंगाम लेफ्ट टॅकल होता, तेव्हा तपासायला खेळी कमी नव्हत्या. पॅट्रियट्सने त्याला टॅकलच ठेवले. घरातला वाद एका हंगामात मिटेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. या जागेवर तीन वर्षे द्यावी लागतात.

प्रश्न : मी तालमीत वाढलेला माणूस आहे. इंटरनेटवर हे सामने पाहताना मला सारखी कुस्तीची खडाखडीच दिसते. तिकडे कुस्तीगीर मुलाला जास्त भाव मिळतो का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मिळतो, आणि उघडपणे मिळतो. शाळेत कुस्ती खेळलेला लाइनमन आढळला की स्काउट त्याची आवर्जून नोंद करतात, कारण समोरच्याचा तोल कोणत्या पायावर आहे हे त्याला डोळ्यांनी शोधावे लागत नाही, हाताला कळते. आयोवाचा ट्रिस्टन वर्फ्स शाळेत असताना कुस्तीत राज्य विजेता होता. तो पुढे टाम्पा बे संघात पहिल्याच वर्षी सुपर बोल, म्हणजे एनएफएलची अंतिम लढत, जिंकला. आपल्याला अधिक भावेल असे उदाहरण स्टीफन नीलचे आहे. अमेरिकन महाविद्यालयीन कुस्तीत तो हेवीवेट गटात दोनदा विजेता ठरला, १९९९ च्या अंतिम लढतीत त्याने ब्रॉक लेस्नरला हरवले आणि त्याच वर्षी तो फ्रीस्टाइलचा जागतिक विजेताही झाला. महाविद्यालयात त्याने फुटबॉलला हातही लावला नव्हता. अर्थातच ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतले नाही. तरी पुढे तो पॅट्रियट्सच्या फळीत अनेक वर्षे गार्ड म्हणून खेळला.

मात्र दोन्हींतला एक फरक आपल्या लक्षात आला असेलच. कुस्तीत धरणे हा निम्मा खेळ आहे. इथे हात समोरच्याच्या छातीच्या चौकटीबाहेर गेला आणि पकड दिसली की दंड. पट काढण्याची तर सोयच नाही. त्यामुळे पहिल्या एक-दोन हंगामांत कुस्तीगीर मुलांना सर्वांत अवघड जाते ते सोडून देणे.

प्रश्न : दीडशे किलोच्या माणसाला चाळीस यार्ड धावायला लावण्यात काय अर्थ आहे? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : चाळीस यार्डांत फारसा नाही, त्यातल्या पहिल्या दहांत आहे. जागेवरून शरीर किती चटकन सुटते ते त्या आकड्यात दिसते. बाजूला वळण्याच्या शटल चाचणीत आणि उभ्या उडीत पायांची ताकद दिसते. वर वर्फ्सचा उल्लेख आला आहे : २०२० मध्ये ३२० पौंड वजनाचा हा मुलगा चाळीस यार्ड ४.८५ सेकंदांत धावला आणि जागेवरून साडेछत्तीस इंच उंच उडाला. एवढे असूनही त्या वर्षी त्याच्याआधी तीन टॅकल निवडले गेले. म्हणजे आकड्यांना फार मान दिला जातो ही तक्रारही तितकीशी खरी नाही.

प्रश्न : कम्बाइनमध्ये संघ या खेळाडूंच्या मुलाखतीही घेतात असे वाचले. शक्तीच्या कामासाठी मुलाखत कशाला? — एक वाचक, ठाणे

उत्तर : कारण काम निव्वळ शक्तीचे नाही. प्रत्येक खेळीपूर्वी सेंटर समोरच्या रचनेकडे पाहून मधला लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू, कोणता हे बोट दाखवून ओरडून सांगतो, आणि त्यावरून पाचही जण आपापला माणूस ठरवतात. चेंडू हलल्यानंतर समोरचे दोघे एकमेकांच्या वाटा कापून जागा बदलतात, तेव्हा कोणी आपला माणूस सोडायचा आणि कोणी उचलायचा हे डोळ्यांच्या खुणेनेही सांगायला वेळ नसतो. मुलाखतीत खेळाडूला फळ्यापुढे उभे करतात आणि त्याची स्वतःचीच एखादी फसलेली खेळी लावून विचारतात, इथे काय झाले? उत्तराचा सूर ऐकण्यासारखा असतो. शेजारच्या गार्डची चूक होती असे म्हणणारा मुलगा खरे बोलत असला तरी फळीतल्या इतर चौघांची कामे त्याला तोंडपाठ आहेत का, हे पुढच्या दोन प्रश्नांत उघड होते. सेंटरच्या बाबतीत तर मी मुलाखतीला मापांहून अधिक वजन देईन. जेसन केल्सी २०११ मध्ये सहाव्या फेरीत, १९१ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्या जागेसाठी तो हलका समजला जात होता. तो फिलाडेल्फिया ईगल्सचा तेरा हंगाम सेंटर राहिला.

प्रश्न : एवढी तपासणी होऊनही पहिल्या पाचांत निवडलेले लाइनमन अपयशी कसे ठरतात? आणि या स्तंभाचे लेखक कधी चुकले आहेत का? — एक वाचक, ह्यूस्टन, टेक्सास

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यातच पहिल्याचे उत्तर आहे. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या चार क्रमांकांत तीन टॅकल गेले : सेंट्रल मिशिगनचा एरिक फिशर पहिला, आपल्या राज्यातील टेक्सास ए अँड एमचा ल्यूक जोकेल दुसरा आणि ओक्लाहोमाचा लेन जॉन्सन चौथा. मी तेव्हा मित्रमंडळींत छातीठोकपणे सांगत होतो की तिघांत सर्वांत निर्धोक निवड जोकेलची आहे. त्याचे पाय शांत होते, तंत्र स्वच्छ होते, उत्कृष्ट लाइनमनचा आउटलंड पुरस्कार त्याला मिळालेला होता. जॉन्सन मला कच्चा वाटत होता, कारण तो ज्युनियर कॉलेजमध्ये चक्क क्वार्टरबॅक होता आणि टॅकल होऊन त्याला दोनच हंगाम झाले होते. जॅक्सनव्हिलमध्ये जोकेलचा पहिला हंगाम घोट्याच्या मोडलेल्या हाडाने संपला, पुढे त्याला गार्डच्या जागी हलवण्यात आले आणि २०१७ नंतर तो खेळला नाही. जॉन्सन दोन सुपर बोल जिंकून ईगल्सच्या उजव्या टोकाला दशकाहून अधिक काळ उभा राहिला.

माझे नेमके काय चुकले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी जोकेलने जे केले ते पाहिले. त्याला काय करावे लागले नाही ते पाहिले नाही. त्याच्या मागे जॉनी मॅन्झेल होता, ज्याने २०१२ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन पुरस्कार जिंकला. मॅन्झेल संकट दिसताच पळून सुटत असे, त्यामुळे टॅकलची चूक झाली तरी बहुतेक वेळा ती खेळी यशस्वी म्हणूनच नोंदली जाई. शिवाय त्या पसरट आक्रमणात चेंडू चटकन सुटत असे.

यात नियमांचाही हात आहे. महाविद्यालयीन खेळात चेंडू फेकला जाण्यापूर्वी लाइनमन खेळी जिथून सुरू होते त्या रेषेच्या तीन यार्ड पुढे जाऊ शकतो, एनएफएलमध्ये एकच यार्ड. त्या मोकळिकीमुळे धाव आणि फेक या दोहोंची शक्यता राखून ठेवणाऱ्या खेळी महाविद्यालयात मुबलक असतात, आणि अशा खेळीत लाइनमन फेकीच्या वेळीही धाव असल्यासारखा पुढेच रेटत असतो. कागदावर ती खेळी राखणदारीची म्हणून मोजली जाते, प्रत्यक्षात मात्र त्या मुलाने मागे सरकून कोणालाही थोपवलेले नसते. हंगामातल्या चारशे राखणीपैकी खरोखर मागे सरकून केलेल्या राखणी किती, हे बोटांवर मोजल्याशिवाय आता मी कोणाविषयीही मत देत नाही.

मात्र सगळा दोष पद्धतीच्या माथी मारून मोकळे होता येत नाही, आणि याचा पुरावा आपल्या राज्यातच आहे. २०१२ च्या त्याच ए अँड एमच्या फळीत उजव्या टोकाला जेक मॅथ्यूज होता आणि त्याच्या शेजारी गार्डच्या जागी सेड्रिक ओगबुई. तिघेही पहिल्या फेरीत निवडले गेले : जोकेल २०१३ मध्ये दुसरा, मॅथ्यूज २०१४ मध्ये सहावा, ओगबुई २०१५ मध्ये एकविसावा. प्रशिक्षक तेच, आक्रमण तेच, मागचा क्वार्टरबॅकही तोच. ओगबुईचा गुडघा ड्राफ्टपूर्वीच्या शेवटच्या सामन्यात जायबंदी झाला आणि त्याचा जम कोठेच बसला नाही. मॅथ्यूज मात्र अटलांटाच्या डाव्या टोकाला वर्षानुवर्षे जवळपास एकही सामना न चुकवता खेळत आला आहे. तीच फिल्म पाहून या तिघांतला फरक आधी ओळखता आला असता का? मी ती गेल्या महिन्यात पुन्हा पाहिली. मॅथ्यूजच्या खेळींत एक गोष्ट या वेळी नजरेत भरली : मॅन्झेल पळू लागल्यावर, म्हणजे टॅकलचे काम संपले असे कोणीही मानले असते त्या क्षणी, तो मान वळवून मागे पाहत नाही; पुढच्या माणसाला शोधत फिरतो. जोकेल मागे पाहतो. अर्थात, पुढे काय झाले ते ठाऊक असताना पाहिलेली फिल्म आहे ही, हेही आपण लक्षात घ्यावे.